काचवाल्याचं बोट

काचवाल्याचा हात फार हलका, असं सगळी बाजारपेठ म्हणायची. पुरुषभर उंचीचा आरसा तो एकटा उचलायचा, फडकं अंथरलेल्या टेबलावर अलगद आडवा करायचा आणि काच कापायचा हिरा एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचा. मग खालून एक टिचकी. काच सुतात तुटायची, कुठे टवका म्हणून नाही. टवके उडायचे ते त्याच्या बायकोचे, आणि ते दुकान बंद झाल्यावर.

लोक तिला नुसतं काचवाली म्हणत. आरशांच्या चौकटी ठोकणं, माल कागदात गुंडाळणं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं, सगळं तिच्याकडे. लग्न होऊन आली तेव्हा तिला खिळा धड ठोकता येत नव्हता. आता ती ओठांत चार-चार खिळे धरून काम करायची. "तोंडात खिळे असले की उलट उत्तर निघत नाही, तेवढाच मार वाचतो," असं ती एकदा नणंदेला म्हणाली, तर नणंद खो खो हसली. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

मार कशावरून पडेल याला धरबंध नव्हता. मीठ कमी, मीठ जास्त. गिऱ्हाईक परत गेलं म्हणून, गिऱ्हाईक फार वेळ रेंगाळलं म्हणून. एकदा त्याने लाकडी पट्टी तिच्या पाठीत मोडेपर्यंत मारलं आणि मग पट्टी मोडली म्हणून पुन्हा मारलं. ती सोसत राहिली, कारण तिने मनाशी एकच गोष्ट पक्की केली होती. पोरीवर हात पडता कामा नये. पोर आता ओढणी सावरायच्या वयाची झाली होती, बापाच्या नजरेला नजर देऊ लागली होती, आणि काचवालीला त्याचीच धास्ती होती.

एके संध्याकाळी पोरीने विचारलंच. "बाबा, आईला का मारता तुम्ही?"

त्याने थप्पड उगारली ती पोरीवर. काचवालीने तिला बाजूला ढकललं आणि त्याचा हात सगळ्या जोरानिशी दाराच्या चौकटीवर गेला. रक्त आलं नाही. पण उजव्या हाताच्या तर्जनीचं शेवटचं पेर मान टाकल्यासारखं खाली लोंबलं. त्याने ते दुसऱ्या हाताने वर केलं, सोडलं, ते पुन्हा पडलं.

"काय केलंस तू माझ्या बोटाला?" तो म्हणाला आणि लाथेने त्याचा हिशेब चुकता केला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

डॉक्टरांनी फोटो काढून पाहिला. "हाड शाबूत आहे. टोकाला वर उचलून धरणारी दोरी तुटलीय. स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी लावतो. सहा आठवडे, दिवसरात्र. टोक एकदाही वाकता कामा नये. एकदा जरी वाकलं, तरी सगळं पहिल्यापासून."

"आणि नाही लावली तर?"

"तर ते असंच लोंबत राहील."

हिरा ओढायचा तो याच बोटाच्या दाबावर. काचवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पट्टी रोज काढून कातडी कोरडी करायची," डॉक्टर म्हणाले. "हात टेबलावर पालथा ठेवायचा आणि तेवढा वेळ दुसऱ्या कुणीतरी टोक उचलून धरायचं. घरी कोण आहे?"

त्याने हनुवटीनेच शेजारी उभ्या काचवालीकडे खूण केली. डॉक्टरांनी तिला कसं धरायचं ते शिकवलं. शिकवताना त्यांना तिच्या मनगटावरचा काळानिळा वळ दिसला. त्यांनी नजर पुन्हा बोटाकडे वळवली. शिकलेली माणसं अशा वेळी फार सभ्य होतात.

तेव्हापासून रोज सकाळी तो दुकानातल्या टेबलाशी बसायचा, ती पट्टी सोडवायची, दोन बोटांत ते टोक धरायची आणि मोकळ्या हाताने पुसायची. तो श्वास रोखून बसायचा. मूठ वळता येत नव्हती, म्हणून सुरुवातीला घर शांत होतं. पोर गुणगुणायला लागली. काचवाली रात्री सलग झोपली, आणि वेडी, हा सुधारला असंही तिच्या मनात येऊन गेलं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जाते थोडीच. त्याला डावा हात सापडला. उजव्याला निदान नेम होता. डावा आंधळा, डोळा म्हणत नव्हता, कान म्हणत नव्हता. ज्या दिवशी तिचा डोळा सुजून मिटला, त्या दिवशीही सकाळी तिने एका डोळ्याने बघत ते टोक उचलून धरलं. पट्टी बांधून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "हे वाकलं ना, तर पोरीची मान वाकवीन."

पाचवा आठवडा सरत आला. सकाळची वेळ, पट्टी सोडलेली, टोक तिच्या चिमटीत. पोर आतून पिशवी घेऊन बाहेर आली.

"बाबा, मी मावशीकडे राहायला जातेय. आईलाही नेणार आहे."

तो हसला. "इकडे ये."

"जाऊ नकोस त्यांच्याजवळ," काचवाली म्हणाली. पण पोर घाबरल्याचं दाखवायला तयार नव्हती. ती टेबलापाशी आली. त्याने डाव्या हाताने तिचे केस धरले आणि तिचं कपाळ टेबलावरच्या काचेवर आपटलं. काच तडकली. पोरीच्या भुवईतून रक्त भळाभळा वाहू लागलं. त्याने तिचं डोकं पुन्हा उचललं.

"सोडा तिला," काचवाली म्हणाली.

"तू बोटाकडे बघ," तो म्हणाला.

तिने बोटाकडे बघितलं. इतकी वर्षं जिच्यासाठी मार खाल्ला, तिचं रक्त त्या बोटापर्यंत ओघळत आलं होतं. तिला भीती वाटली नाही. राग आला, नुसता राग, पायाच्या नखापासून डोक्यापर्यंत. तिने दुसरा हातही त्या बोटावर आणला, टोक टेबलाच्या कडेवर घेतलं आणि अंगाचा सगळा भार टाकून खाली दाबलं. दाबतच राहिली.

तो असा किंचाळला की समोरचा सायकल दुरुस्त करणारा हातातला पाना घेऊनच धावला. पाठोपाठ शिंपी आला, त्याची बायको आली, वरच्या मजल्यावरचे म्हातारे गृहस्थ जिना उतरून आले. काचवालीच्या ओरडण्याला इतकी वर्षं ज्या भिंती जाड होत्या, त्या आज कागदाच्या निघाल्या. दुकानाच्या दारात ही गर्दी.

"काय झालं? काय झालं?"

पोरीचे केस त्याच्या मुठीतून सुटले होते. काचवालीने पदर तिच्या भुवईवर दाबला, पिशवी खांद्याला लावली आणि तिला धरून गर्दीतून वाट काढली. उंबऱ्यावर ती क्षणभर थांबली.

"त्यांचं बोट दुखलंय," ती म्हणाली. "धरा कुणीतरी."