तुळजाची न निघालेली सीडी

‘तुळजा गेला’ एवढाच एसएमएस आला. पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो, हातातलं ताट तसंच धरून उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, आधी रडू आलं नाही, राग आला. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. हार्ट अटॅकनं गेला आणि ती सीडी राहिली ती राहिलीच... महिना उलटून गेला तरी माझा राग काही जात नाही.

तुळजा माझा चेन्नईतला शाळेपासूनचा मित्र. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन तिथं गेलेले. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचं मराठी. त्याच्या मराठीला मी हसायचो, माझ्या तमिळला तो. त्याच्या घरी दर एकादशीला भजन असायचं आणि त्याचे वडील मृदंग वाजवायचे. मीही त्यांना अप्पाच म्हणायचो. तुळजाला स्वतःला कधी धड वाजवता आलं नाही, पण कान मात्र वडिलांचेच. इंजिनिअर होऊन तो चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात लागला आणि सुटीच्या दिवशी डीजे म्हणून वाजवू लागला. वेड ब्रेकबीटचं. जुन्या रेकॉर्डमध्ये गाणारा थांबतो आणि नुसता ड्रम वाजतो ना, तेवढाच तुकडा उचलायचा, त्याच्या चिंधड्या करायच्या आणि उलटसुलट जोडून नवा ताल उभा करायचा. ऐकताना पाय अडखळल्यासारखा वाटतो आणि तरी नाचावंसं वाटतं. तुळजानं त्यात कारखान्यातल्या प्रेसची धडधड घातली, लग्नातल्या नादस्वराचे सूर घातले, रेगे संगीताचा बेस घातला. हॉटेलवाले म्हणायचे, हे पुरे, सिनेमातली गाणी लाव. सिरुसेरीच्या एका कंपनीच्या पार्टीत तर तिथल्या बाईंनी जवळ येऊन काळजीनं विचारलं, “मशीन बिघडलंय का?” हा हसला आणि वाजवत राहिला. पुन्हा बोलावणं आलं नाही. अशा वेळी जीव माझा जळायचा, त्याला काहीच नाही!

मग त्यानं ती सीडी केली. अप्पांचा भजनातला मृदंग त्यानं टेप करून ठेवला होता. सगळे ट्रॅक त्या मृदंगाच्याच तुकड्यांवर उभे होते. मुंबईतल्या एका छोट्या कंपनीला ते इतके आवडले की कव्हरसुद्धा तयार झालं. आता फक्त अप्पांना विचारायचं होतं. मी त्या दिवशी तिथंच होतो. अप्पा सोवळं नेसून घाईघाईत पूजेला निघालेले, आणि या गाढवानं नेमकं तेव्हाच दारातून विचारलं, “अप्पा, तुमचा मृदंग माझ्या सीडींत घालूं कां?”

“नक्को रे, भजनाचं भजनांत असूं दे,” अप्पा मागं वळूनही न बघता म्हणाले.

झालं! त्या घरात वडिलांना एकदाच विचारायची रीत. फ्रिज घ्यायचा असो की लग्न ठरवायचं असो, ते नको म्हणाले की तो विषय पुन्हा निघत नसे. मी किती डोकं फोडलं त्याच्यापुढे. म्हटलं, अरे, त्यांना नीट बसवून ऐकव तरी.

“तुला कळायचं नाहीं,” तुळजा म्हणायचा. “दोनदां विचारलं म्हणजे त्यांचा शब्द मोडला.”

दुसऱ्या कुणाचा मृदंग घाल म्हटलं, तर म्हणे त्यात तो हात नाही. कंपनी वाट बघून कंटाळली, पुढे बंदच पडली. आणि हा शहाणा तेच ट्रॅक वर्षानुवर्षं घासूनपुसून साफ करत बसला. ऐकणारे कोण, तर मी आणि त्याच्या खोलीचा पंखा.

मागच्या आठवड्यात चेन्नईला जाऊन आलो. अप्पा तुळजाच्या खोलीत एकटेच बसले होते. मला बघून म्हणाले, “तो इथं काय करायचा, मला दाखीव.” मी कॉम्प्युटर लावला, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला. पहिल्याच तुकड्याला त्यांनी मान वर केली. मग मांडीवर बोटं चालू झाली. ताल तुटला की थांबायची, चाचपडायची आणि पुन्हा बरोबर जागेवर यायची.

ट्रॅक संपला. “हात माझाच अहे कीं,” ते म्हणाले. “किती छान केलं अहे... मग बाहेर कां नाहीं काढलं त्यानं?”

त्यांना आठवतच नव्हतं! ओरडून सांगावंसं वाटलं... पण मुलगा गेलेल्या म्हाताऱ्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तुळजा समोर असता तर त्याला धरून बदडला असता.

“राहून गेलं,” एवढंच म्हणालो.

“मला सांगायचं तरी,” अप्पा म्हणाले. “भजनांत घाईनं वाजवलेलं अहे हे. त्याच्यासाठीं नीट बसून वाजवलं असतं.”

हेडफोन काढायला मी हात पुढं केला, तर त्यांनी तो दोन्ही हातांनी कानांवर घट्ट धरून ठेवला. “पहिल्यापासून लाव,” म्हणाले.