बोरीचं आवतन

नव्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचा वास आला की मला बोरीच्या आमच्या घरातली एक दुपार आठवते. परभणीत बी.ए.ला असताना मी ना फार मोठ्या, ना फार लहान अशा एका थंड देशाच्या रेडिओला, त्यांच्या हिंदी कार्यक्रमासाठी, भीतभीतच पत्र लिहिलं होतं. उत्तरादाखल कॅलेंडर आलं आणि सोबतच्या चिठ्ठीत शेवटी होतं, ‘कभी हमारे देश आइए.’ मी ते मोठ्यानं वाचलं आणि माझ्या वडिलांचा, आबांचा चेहरा उतरला. मेंढरांमागं फिरून त्यांनी मला शिकायला ठेवलं होतं. “आवतन आलंय म्हंजी जानार तू,” ते म्हणाले. “न्हाई आबा, ते सगळ्यांनाच असं लिहितात. कॉलेजातले सर सांगतात, ज्यांच्याकडं मोठी फौज नसते ते देश अशीच माणसं जोडतात.” आबा म्हणाले, “मंग आपल्याकडं तरी कुठं फौज हाय? लिही, तुमीच या बोरीला. मेंढरं दावू, भाकर खाऊ घालू.” मी लाजत लाजत तसंच लिहिलं. काही आठवड्यांनी रेडिओवर ते पत्र वाचलं गेलं आणि निवेदिका हसून म्हणाली, ‘जरूर आएँगे.’ आबांनी लगेच आईला हाक मारली, “घर सारवून घे गं, पाव्हणे यायलेत.” सारवायला पाणी मीच आणून दिलं. आईनं घर सारवलं. कोणी आलं नाही. आता आबा नाहीत, पण बातम्यांत त्या देशाचं नाव निघालं की मी आवाज वाढवतो. आपल्या पाव्हण्यांचं बरं चाललंय ना, एवढं तरी ठाऊक असावं.