पाचही अटी पास, तरी काम बाकी

गुरुवारी दुपारी मी ते कार्ड तिसऱ्यांदा ‘डन’च्या रकान्यात टाकलं आणि गिरिजाअक्कांनी ते तिसऱ्यांदा ‘टेस्टिंग’मध्ये परत ओढलं. आम्ही एकाच खोलीत चार खुर्च्या सोडून बसलो होतो, पण बोलत नव्हतो. स्क्रीनवर कार्ड इकडून तिकडे जाताना बघून बाकीची टीम माना खाली घालून हसत होती.

कार्ड म्हणजे कामाचा एक तुकडा. आमची कंपनी बेंगळुरूतल्या छोट्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. हे काम पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचं होतं. तिथले इन्स्पेक्टर प्रत्येक लॉटमधले काही पार्ट मोजून मापं रजिस्टरमध्ये लिहीत. ती आता टॅबलेटवर भरायची होती. माप मर्यादेबाहेर गेलं की स्क्रीन लाल व्हायला हवी आणि लॉट ‘होल्ड’वर टाकता यायला हवा, म्हणजे तो गाडीत चढणार नाही. शुक्रवारी तीन वाजता डेमो. तो पार पडला की सोमवारपासून कागदी रजिस्टर बंद.

गिरिजाअक्का आमच्या टेस्टर. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्या बेंगळुरूत आहे. मी नाशिकहून आलेला प्रोजेक्ट मॅनेजर. त्यांच्या मराठीतलं निम्मं कन्नड मला अजून कळत नाही, पण त्या दिवशी मला साधं मराठीही कळत नव्हतं असंच म्हणावं लागेल.

भांडण दोन याद्यांचं होतं. पहिली, ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया. त्या एका कामापुरत्या अटी. ग्राहकाशी बोलून मीच त्या पाच लिहिल्या होत्या आणि पाचही पास झाल्या होत्या. दुसरी, डेफिनिशन ऑफ डन. ही टीमची स्वतःची यादी. काम कोणतंही असो, एवढं झाल्याशिवाय ते संपलं म्हणायचं नाही. कोड दुसऱ्या कुणीतरी वाचलेला हवा, आधीचं काही मोडलेलं नको, आणि शेवटची ओळ अशी की ग्राहकाच्या जागेवर, त्याच्याच टॅबलेटवर चालवून पाहिलेलं हवं. प्रोजेक्टच्या सुरुवातीला सगळ्यांनी मिळून ही यादी केली, मी ती हौसेने लॅमिनेट करून भिंतीवर लावली आणि त्यानंतर तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. गिरिजाअक्का सोडून.

शेवटी आमचे डिलिव्हरी हेड नायर सर यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं. क्लायंटने जे सांगितलं ते सगळं झालंय ना, एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मग अडचण काय? गिरिजाअक्का शांतपणे म्हणाल्या की क्लायंटने मागितलेलं झालंय, आपण कबूल केलेलं झालेलं नाही.

मी चिडलो. “अक्का, ती शेवटची ओळ क्लायंट कधीच विचारणार नाही.”

“विचारणार नाही म्हणूनच आपण लिहिलंय की,” त्या म्हणाल्या.

नायर सरांनी तोड काढली. डेमो कारखान्यातच आहे, तर दोघं सकाळीच जा आणि तीनपर्यंत काय ते बघून घ्या.

शुक्रवारी आम्ही मेट्रोने पीण्याला गेलो. मशीन शॉपच्या टोकाला काचेच्या छोट्या खोलीत इन्स्पेक्टर पुट्टस्वामी बसत. तीस वर्षं मायक्रोमीटर हातात, रिटायर व्हायला दोन वर्षं उरलेली. लॉट पास झाल्याच्या प्रत्येक कागदावर त्यांची सही. मी त्यांच्या टॅबलेटवर पाचही अटी एकेक करून दाखवल्या. सगळं चाललं. मी घड्याळाकडे आणि मग मुद्दाम गिरिजाअक्कांकडे पाहिलं.

“स्वल्प थांबा,” त्या म्हणाल्या. मग पुट्टस्वामींना कन्नडमध्ये म्हणाल्या की आम्ही इथे नाहीच असं समजा आणि रोजचं काम करा. एक स्टूल ओढून त्या कोपऱ्यात बसल्या. एक शब्द नाही, एक सूचना नाही. मला इतका वेळ गप्प बसणं आयुष्यात जमलेलं नाही.

पाऊण तासाने एक माप लाल आलं. पुट्टस्वामींनी होल्ड दाबलं नाही. पार्ट उचलून ते मशीनकडे निघून गेले. ती त्यांची पद्धत होती. ऑपरेटरच्या देखत पुन्हा मोजल्याशिवाय ते कुणाचं काम अडवत नसत. रजिस्टरमध्ये पहिलं माप पेन्सिलने लिहीत, परत आल्यावर दुसरं पेनने.

ते परत आले तोवर टॅबलेटची स्क्रीन झोपली होती. त्यांनी ती जागी केली तर ॲपमध्ये नवं कोरं पान समोर आलं. लाल माप गेलं होतं. आमच्या ऑफिसमधले टॅबलेट कायम चार्जरला, त्यांची स्क्रीन कधी झोपतच नाही. तिथे हे शंभर वेळा पास झालं असतं.

 पुट्टस्वामी हळू आवाजात कन्नडमध्ये काहीतरी बोलले. गिरिजाअक्कांनी मला सांगितलं. “गेल्या वर्षी एक लॉट परत आला, नाव यांच्यावर घातलं. पेन्सिलचं माप दाखवून वाचले. विचारतात, सोमवारपासनं मी काय दाखवू?”

 मला स्वतःची लाज वाटली, हे लिहून टाकलेलं बरं.

गिरिजाअक्कांनी टेबलावरचा एक पार्ट उचलला आणि विचारलं, माप बरोबर आहे पण कडेला धातूची बारीक धार राहिली आहे, तर तुम्ही काय करता? परत पाठवतो, ते म्हणाले. ड्रॉइंगवरची मापं त्या एका पार्टची असतात. कोपऱ्यातली टीप, धार काढा, धुवा, तेल लावा, ही कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक पार्टची. माप बरोबर म्हणजे पार्ट तयार असं त्यांच्याकडे कुणी म्हणत नाही. मी पंधरा वर्षं जे स्लाइडवर शिकवत होतो ते मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं.

तीन वाजता मालक आले. टॅबलेट चार्जरला लावून डेमो सहज निभावला असता. तो विचार माझ्या मनात आला, खोटं कशाला बोलू. पण गिरिजाअक्का समोर बसल्या होत्या. मी म्हणालो, “सर, तुमच्या पाचही अटी पूर्ण झाल्यात. पण काम संपलेलं नाही.” आणि लाल माप कसं जातं ते करून दाखवलं.

मालकांचा चेहरा उतरला. त्यांनी पुट्टस्वामींकडे पाहिलं. ते म्हणाले, अजून दोन आठवडे मी रजिस्टर लिहितो. मालकांनी मान डोलावली. नायर सर मात्र फोनवर बरंच बोलले.

आमच्या डेव्हलपरने चार दिवसांत दुरुस्ती केली. आता माप टाइप केल्याक्षणी साठवलं जातं, पहिलं आणि दुसरं वेगवेगळं, वेळेसकट. गिरिजाअक्का पुन्हा दोन दिवस त्या स्टुलावर बसून आल्या आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने कार्ड डनमध्ये टाकलं. रजिस्टर बंद झालं.

महिन्याभरात एक लॉट तक्रारीसह परत आला आणि बोट पुन्हा पुट्टस्वामींकडे गेलं. त्यांनी टॅबलेट उघडला. दोन्ही मापं लाल, लॉट होल्डवर टाकलेला, आणि तो होल्ड नंतर वरून कुणीतरी काढलेला. त्यांना पुढे कुणी काही विचारलं नाही. हे सांगायला त्यांनी फोन केला तो गिरिजाअक्कांना. मला नाही, आणि ते योग्यच होतं.

आता टीममध्ये नवा माणूस आला की मी त्याला दोन्ही याद्या देतो. पहिली मी पाच मिनिटांत समजावतो. दुसरीसाठी त्याला गिरिजाअक्कांच्या शेजारी बसवतो.