दौलतभाऊचे हातमोजे

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्ह्यात मूलजवळच्या जंगलात आमचा सरावाचा कॅम्प होता. मी डीआर होतो, म्हणजे मोटारसायकलवरून डाक नेणारा शिपाई. माझ्यावर नाईक दौलत गेडाम. तो सिंदेवाहीचा, मी मूलचा. परेडवर तो नाईक, एरवी दौलतभाऊ.

पहिल्याच दिवशी स्टोअरमध्ये मी सगळ्यात चकचकीत बूट उचलले.

"लग्नाले चालला का?" दौलतभाऊ म्हणाला. "घाल अन् किक मारून पाह्य."

टाच घसरली. त्याने मला घोट्याच्या वर येणारे, खरबरीत तळव्याचे बूट दिले. नाडी आत खोचायला लावली. बाहेर राहिली तर ती गिअरमध्ये अडकते. हातमोजे घालून मूठ वळायला सांगितली. बोटाने ब्रेक ओढता आला पाहिजे, शिवण तळहाताला टोचता कामा नये. मग महिन्यातून एकदा एरंडेल चोळायचे. हे सारे मी मनापासून शिकलो. एक गोष्ट मात्र विचारायची राहिली.

हिवाळ्यात एका दुपारी नाल्यातून गाडी काढताना माझे हातमोजे भिजले. ते मी गरम इंजिनवर वाळत घातले. तासाभरात वाळले. मला ती युक्ती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ऑर्डर आली. वैनगंगेकाठच्या चौकीवर एका जवानाला साप चावला होता. औषध दौलतभाऊने न्यायचे, मी चांद्याला डाक न्यायची. मी हातमोजे चढवले. चामडे लाकडासारखे झाले होते.

"हे काय केलं रे?"

"इंजिनवर वाळवले, भाऊ."

"भाकर हाय का ते शेकाले?" त्याने स्वतःचे हातमोजे काढून माझ्याकडे फेकले. "घे. तुह्या रस्त्यावर बैलगाड्या लय हायेत. माहा रस्ता मोकळा हाय."

"अन् तुम्ही?"

"तुहे दे. गेटाच्या पुढं काढून टाकतो."

हातमोज्यांशिवाय डीआरला गेटबाहेर सोडत नसत. हवालदाराने त्याचे हात पाहिले. ६.१० ला तो निघाला.

मी ९.२५ ला परतलो. वायरलेसवर आवाज चालू होता. "डीआर अपघात. मैल सात. औषध पोचलं. ओव्हर."

धुक्यात वळणावर बांबूंची गाडी आडवी आली होती. ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही. गाडीवानाने त्याच्या सांगण्यावरून औषधाची पिशवी चौकीपर्यंत धावत नेली. तो जवान वाचला. दौलतभाऊ अकराच्या सुमारास गेला. बुटांमुळे त्याच्या पायाला खरचटलेही नव्हते. माझे हातमोजे हातातच होते. ते काढायला तो थांबला नव्हता.

चौकशीत मी इंजिनचे सांगितले. कॅप्टनसाहेबांनी सारे लिहून घेतले. मग म्हणाले, "नव्या डीआरना हे तू शिकवायचं. हेही सांगायचं." शिक्षा दिली असती तर बरे वाटले असते.

रजेवर त्याच्या आईकडे सिंदेवाहीला गेलो. तिलाही सगळे सांगितले आणि त्याने मला दिलेले हातमोजे पुढे ठेवले. ती बराच वेळ धान पाखडत राहिली. मग सूप खाली ठेवून तिने ते उचलले, बोटे चाचपली.

"तुले बसतेत का?"

"बसतात, बाई."

"मंग ठेव. तेल लावत जा."

आजही गावातली पोरे नवी गाडी घेतली की हातमोजे, बूट दाखवायला आणतात. मी त्यांना मूठ वळायला सांगतो, किक मारायला सांगतो. भिजले तर सावलीत वाळवा, असे सांगतो. मग दौलतभाऊचे नाव सांगतो, आणि तो कोणाचे हातमोजे घालून गेला, तेही.