अकरा वेळा एक

यांच्या ठाण्याच्या कचेरीतले गृहस्थ बातमी घेऊन आले, तेव्हा मी डोंबिवलीच्या घरात तांदूळ निवडत होते. "वहिनी, जरा बसून घ्या," एवढंच ते म्हणाले... त्याला दीड महिना झाला. भेटायला येणारे यांच्या सज्जनपणाबद्दल भरभरून बोलतात. सज्जन होतेच, पण हट्टीही तेवढेच होते, आणि तो हट्ट मी दहा वर्षं सोसला.

लग्न होऊन आले तेव्हाच यांच्या वहीत एक आकडा ठाण मांडून बसला होता: ओळीने अकरा वेळा एक. "याला कशानेच भाग जात नसावा. खात्री करायचीय," हे म्हणाले. बावीसने भागल्यावर एक उरतो अशा मूळ संख्याच तेवढ्या तपासायच्या आणि लाखाच्या थोडं पुढे गेलं की थांबायचं, असं काहीसं ते होतं. मला ओ की ठो कळत नव्हतं. रोज कचेरीतून आले की चहा, मग भागाकार. बाकी उरली की त्या संख्येपुढे खूण. चार वर्षांनी यादी संपली. यांनी हरखून आपल्या जुन्या प्राध्यापकांना कळवलं. उत्तर आलं, "एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासने जातो. करून पाहा."

यांनी करून पाहिलं. बाकी शून्य. आणि वहीत त्याच संख्येपुढे खूण! "साधा भागाकार येत नाही मला," म्हणाले आणि वही ट्रंकेत टाकली. मग संध्याकाळी चहा पिऊन नुसते बसून राहायचे. मला ते बघवेना. एका दुपारी मीच वही काढली. प्रत्येक खुणेशेजारी भागाकार मांडलेला होता, फक्त सात खुणांशेजारी कागद कोरा, आणि त्या सातांतच ती संख्या. वरची तिथी वाचली. खंडेनवमी! त्या दिवशी वह्या-लेखण्या पूजेला लावायच्या आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही माझ्या माहेरची रीत. पेन्सिल मीच काढून घेतली होती. यांनी तेवढे भागाकार तोंडी केले आणि खुणा मागाहून आठवणीने.

"अहो, चूक माझी आहे," मी रडवेली होऊन म्हणाले. हे वहीकडे बघत राहिले आणि एकदम खो-खो हसले. "अगं, मला सापडलं नाही ते तू एका दुपारी पकडलंस! तुलाच बसवायला हवं." नव्या वहीत यांनी माझ्यासाठी तेरा वेळा एक लिहिले. "हा तुझा. आता सव्वीसने भागून एक उरणाऱ्या मूळ संख्या घे. लहानीपासून सुरू कर." मी "बघू पुढे" म्हणत राहिले. स्वयंपाक, पाहुणे... खरं सांगायचं तर भीती. हे दर दिवाळीला विचारायचे, मी दर दिवाळीला टाळायचे.

परवा दुपारी बसले. पहिली संख्या त्रेपन्न. दोनदा चुकले, पुन्हा मांडलं. बाकी उरलीच नाही. आणखी एकदा केलं. शून्य. पहिल्याच घासाला! म्हणजे यांना ठाऊक होतं. मी धीर सोडू नये म्हणून असा आकडा निवडला, आणि इतकी वर्षं एका शब्दाने बोलले नाहीत. मी खूप रडले, आणि रडता रडता हसूही आलं.

भागून आलेली संख्या अजून भलीमोठी आहे. आज एकोणऐंशी घेते.