सासूबाईंनी न चाखलेले मीटबॉल्स

सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या आमच्या कॉन्डोत, म्हणजे सोसायटीत, समोरच्या फ्लॅटमध्ये एक स्वीडिश बाई राहायच्या, सासूबाईंच्याच वयाच्या. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या की दोघी रोज पूलभोवती फेऱ्या मारायच्या. एकीला मराठीच येई आणि दुसरीला मराठी सोडून सगळं, तरी गप्पा रंगायच्या आणि सासूबाईंची चिक्की दोघींत संपायची.

त्या बाईंचे यजमान अचानक गेले. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात द्यायचा, हा नियम सासूबाईंनी सिंगापुरातही सोडला नाही. डबा मी दारातच दिला, दोन शब्द बोलले आणि मागे फिरले. इथे उगाच कुणाच्या घरात शिरत नाहीत. डबा जवळजवळ तसाच परत आला. पुढच्या आठवड्यात बाई लिफ्टमध्ये दिसल्या, तर अंगावरचा ड्रेस लोंबत होता.

"अशानं ती मरेल गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्याकडे पिठलं-भाताच्या जागी काय असतं?"

मला आठवलं, बाईंनीच एकदा सांगितलं होतं. लहानपणी दुखलं-खुपलं की त्यांची आई मीटबॉल्स करायची.

"अहो आई, ते मांसाचे असतात."

"गाईचं नको. बाकी काय हवं ते आण."

ज्या बाईने जन्मात अंडं शिवलं नव्हतं, जिच्यासमोर मी हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाण्याच्या स्टॉल्सवर, जपून जेवायचे, ती हे म्हणत होती! त्यांनी देवघराचा पडदा ओढला, मला वेगळा तवा काढायला लावला आणि पदर नाकाला लावून ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

पोर्कचा खिमा, दुधात भिजवलेला ब्रेडचा चुरा, लोण्यात परतलेला कांदा, ऑलस्पाइस नावाच्या मसाल्याची पूड. रेसिपी मी वाचत होते, पण स्वयंपाक त्याच करत होत्या, फक्त हात माझे.

"हात ओले कर. गोळा घट्ट झालाय, दूध घाल. एवढे मोठे नकोत, बटाटेवडे आहेत का ते?" लोण्यात गोळे पडले तशा त्या कान देऊन ऐकू लागल्या. "आवाज बदलला. उलट आता." उलटले, तर खमंग तपकिरी. त्याच तव्यात मैदा भाजून, पाणी आणि क्रीम घालून सॉस करायचा होता. "हे पिठलंच की! गुठळ्या होऊ देऊ नकोस." चव न घेता मीठ बरोबर पडलं. नैवेद्याचा स्वयंपाक आयुष्यभर न चाखता केलेल्या बाईला त्यात काय अवघड!

सोबत कुस्करलेला बटाटा, आंबटगोड जॅम आणि काकडी हवी होती. घोटाळा केला तो काकडीने. व्हिनेगर, साखर घालून पातळ चकत्या मुरवायच्या होत्या. मी बटाटे कुस्करत होते, तेवढ्यात सासूबाईंनी सवयीने त्यावर मूठभर दाण्याचं कूट टाकलं. मी कपाळाला हात लावला. घरात दुसरी काकडी नव्हती.

"असू दे. दाणे तिला चालतात, चिक्की खाते ना," म्हणत त्यांनी वाडगा उचलला आणि या वेळी स्वतःच समोरची बेल वाजवली.

बाईंनी दार उघडलं. मी ताट ठेवून निघणार, तर सासूबाई सरळ आत जाऊन टेबलाशी बसल्या. बाईंनी ताट जवळ ओढलं. मग त्यांनी दुसरी प्लेट आणली आणि त्यात दोन मीटबॉल्स घालून सासूबाईंपुढे सरकवली.

सासूबाईंनी शांतपणे प्लेट परत सरकवली, रिकामी ताटली मागून घेतली आणि बटाटा, जॅम, काकडी वाढून घेतली. "जेव," त्या मराठीतच म्हणाल्या आणि पहिला घास स्वतः घेतला.

बाई जेवल्या. डोळे पुसत, पण सगळं जेवल्या. काकडी तर दोनदा वाढून घेतली. सासूबाईंचा मला इतका अभिमान आजवर कधी वाटला नव्हता.

निघताना बाईंनी माझा हात धरला. "त्या दिवशीचं ते पिवळं," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "मला आवडलं होतं. पण एकटीला घास उतरेना. उद्या तेच आणा. आणि दोघी जेवायलाच या."