मैदान गेल्यावर

मी शिकवायचो त्या छोट्या कॉलेजातल्या कबड्डीच्या मॅडम फार कमी बोलायच्या. काहीही सांगितलं की होकाराचं "हव" म्हणायच्या आणि गळ्यातली शिटी चाचपायच्या. आमचं रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, तशी कॉलेजनं मैदानावर नवी इमारत बांधायला काढली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आता मुलींची टीम बंद करा." तेव्हाही त्या "हव" म्हणाल्या. मला त्यांचा रागच आला.

पुढं एकदा बुढापारा वस्तीतल्या त्यांच्या घरी गेलो आणि गल्लीतच थिजलो. समोरच्या दोन्ही खोल्या पाडलेल्या होत्या. मागच्या भिंतीतला देवाचा कोनाडा उघडा पडला होता आणि त्याच्यापुढं, माती पसरलेल्या जागेत, मुली दम धरून चढाई करत होत्या.

"मॅडम, स्वतःचं घर पाडलंत?"

"मग पोट्ट्या कुठं खेळतील, सर?"

"आणि तुम्ही राहता कुठं?"

त्यांनी स्वयंपाकघराकडं बोट दाखवलं. तिथं खाट, कपाट आणि गॅसची शेगडी एकमेकांना चिकटून होती. मी आत बघायला दोन पावलं पुढं गेलो आणि तिथंच उभा राहिलो.

"काहून उभे राहिले असे?" त्या म्हणाल्या. "जरा बाजूले व्हा. लाइनीवर पाय आहे तुमचा."